शेळ्यांच्या कुंपणामागची रेघ

तोतोराल, ४ नोव्हेंबर २००३

अबिलिओ,

हे पत्र पाण्याच्या टँकरवाल्या चावेलोच्या हाती देते आहे. तो वाटेत उघडून वाचणार हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यालाही इथंच सांगून ठेवते. चावेलो, वाचून झालं की होती तशी घडी घाल. गावभर बोभाटा केलास तर माझ्याशी गाठ आहे.

आता तुझ्याशी. सहा वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही आणि आजही मी लिहायला बसले नसते. तुझी चौकी आमच्या गच्चीवरून दिसते. सकाळी तू बाहेर येऊन तोंड धुतोस तेव्हा पत्र्यावर ऊन चमकतं, तेही दिसतं. सख्खा भाऊ एवढ्या अंतरावर राहतो आणि त्याची खबर टँकरवाल्याकडून घ्यावी लागते, याची लाज मी कधीच सोडून दिली आहे. पण काल तुमच्या पुरातत्त्व खात्याचा माणूस मोटारसायकलवरून आला आणि दारावर कागद चिकटवून गेला. आमच्या शेळ्यांच्या कुंपणामागून पठारावर गेलेली नवी रेघ बेकायदा आहे, ती पुढच्या महिन्यात पुसून टाकणार आणि काढणाऱ्यावर खटला भरणार. खाली तक्रार करणारा रखवालदार म्हणून सही. तुझी सही मी आंधळी झाले तरी ओळखेन.

वर तू लिहिलंस काय? रेघ काढणारा ‘अज्ञात इसम’. बाबांना ते वाचून दाखवलं. ते उठले, लग्नातला कोट चढवला, हॅट घातली आणि बस धरून नास्काला तुमच्या ऑफिसात जाऊन हजर झाले. तिथला कारकून भला माणूस असावा. तो म्हणाला, “काका, कागदावर कुणाचं नाव नाही. तुम्ही घरी जा.” बाबा म्हणाले, “म्हणूनच आलोय. अज्ञात कोण? मी लेओन्सिओ कांचो. सत्तर वर्षं याच खोऱ्यात राहतोय. लिहा.” कारकुनानं पुन्हा घरी जायला सांगितलं. बाबांनी हॅट टेबलावर ठेवली आणि खुर्चीत ठाण मांडलं. शेवटी त्यानं लिहून घेतलं. आता खटला बाबांच्या नावावर आहे आणि म्हातारा असा खुशीत परत आला, जसं काही बक्षीस मिळवलंय.

तू बाबांचं काम ओळखलं नसशील यावर मी विश्वास ठेवणार नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यामुळे त्यांची सरळ रेघ डावीकडे कलते हे शेतातल्या सऱ्या बघून तुला लहानपणापासून माहीत आहे. सख्ख्या बापाला अज्ञात म्हणालास, त्याचं मला जास्त लागलं.

रेघ शेळ्यांसाठी आहे. दुपारचा वारा सुटला की त्या पठारावर भरकटतात, म्हणून त्यांना एक वाट करून दिली. एवढीच गोष्ट आहे. पुढं जाऊन ती, तू राखतोस त्या जुन्या लोकांच्या रेघेला मिळाली हे बाबांचं चुकलं. ते म्हणतात, “तयार रस्ता होता, नवा कशाला खणू?” म्हाताऱ्या माणसाची अक्कल, माफ कर. तू वरच्यांना सांग आणि रेघ पुसणं थांबव. खटल्याचं मग बघू.

आई बरी आहे. गुडघे दुखतात तेवढंच.

सोराइदा


१५ नोव्हेंबर

अबिलिओ,

तुझी चिठ्ठी मिळाली. सहा वर्षांनी भाऊ लिहितो आणि काय लिहितो? “शेळ्या रेघेवरून चालत नाहीत. रेघेवर एकाच बाईची पावलं आहेत, गेलेली आणि आलेली. खरं काय ते सांग.” मायना नाही, खाली नाव नाही. चावेलो म्हणाला, “सोराइदा, एवढंच लिहायला त्यानं मला तासभर ताटकळत ठेवलं. तीन कागद फाडले.” म्हणून राग गिळला.

ती पावलं आईची आहेत.

बाबांनी मला शपथ घातली होती, तुला कळवायचं नाही म्हणून. ते म्हणाले, “तो तिला इकाच्या इस्पितळात नेऊन टाकेल. नियमानं वागणारा माणूस आहे तो.” मलाही तेच वाटलं. शिवाय लाज वाटली. आपली आई! बाजारात एका दमात पाच माणसांशी भांडणारी, कुणाची कोंबडी कुणाच्या अंगणात अंडं घालते ते सांगणारी. तिला आता चूल पेटवून विसरायला होतं. मीठ दोनदा घालते आणि जेवायला बसलं की मलाच विचारते, “कुणी केलंय हे, घशाखाली उतरत नाही.” दोन वर्षं हे चाललंय. या दोन तारखेला, पितरांच्या दिवशी, आम्ही फुलं घेऊन दफनभूमीत गेलो. विसितामावशीच्या क्रुसापाशी ती थांबली, नाव वाचलं आणि माझ्याकडे वळली. “विसिता गेली? कधी? मला कुणी सांगितलं नाही?” पाच वर्षांपूर्वी जिला तिनं स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातलं, त्या बहिणीसाठी ती भर गर्दीत नव्यानं ऊर बडवून रडली. मी तिला धरून उभी होते आणि लोक बघत होते.

पण हे सगळं निभावलं असतं. निभत नाही ते संध्याकाळचं. ऊन उतरायला लागलं की ती दारात येऊन उभी राहते. मग चपला घालते. विचारलं की म्हणते, “अबिलिओ अजून आला नाही. शेळ्या घेऊन गेलाय. वारा सुटलाय, पोराला काही दिसायचं नाही.” आणि निघते. तिचा अबिलिओ आठ वर्षांचा आहे रे. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. आहे ते सांगते.

पहिल्या वेळी आम्हाला कळलंच नाही. एका ट्रकवाल्यानं तिला मोठ्या रस्त्याच्या कडेला बघितलं आणि गाडीत घालून आणलं. दुसऱ्या वेळी सगळं गाव शोधत होतं. पठारावर कुठल्या खुणेनं परत यायचं, तूच सांग. झाड नाही, घर नाही, चहूकडे तोच काळा दगड. सापडली तेव्हा ओठ फाटले होते, एका पायात चप्पल नव्हती आणि ती आमच्यावरच चिडली होती, की तुम्ही मध्येच कशाला आलात, पोरगं सापडतच होतं.

मग बाबांनी रेघ काढली. रोज सकाळी जायचे. काळे दगड उचलून दोन्ही कडांना लावायचे, खालची पिवळी माती उघडी करायची. कुंपणामागून निघते, टेकाडापर्यंत जाते, तिथं दगडांची रास आहे, तिला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं परत घरी येते. आधी त्यांनी येती वाट जाती वाटेवरूनच आडवी काढली होती. आई त्या चौकात जाऊन उभी राहिली आणि कुठं वळायचं ते तिला कळेना. बाबांनी सगळं मोडलं आणि पुन्हा काढलं, कुठंही रेघ रेघेला छेदणार नाही अशी. तेव्हापासून ती जाते, राशीपाशी उभी राहून तुला हाका मारते आणि रेघ नेईल तशी घरी येते. घरी पोचेपर्यंत तिला वाटायला लागतं की तू पुढं निघून आलास. मी म्हणते, “हो, जेवून झोपला.” मग ती जेवते.

बाबा एकदा म्हणाले, “जुन्या लोकांच्या रेघाही एकमेकींवरून जात नाहीत, बघितलंस? माकड काढा नाहीतर पक्षी काढा, एकीकडून आत शिरायचं, दुसरीकडून बाहेर. त्यांच्याही घरात असेल कुणीतरी, असं सारखं निघून जाणारं.” आता तुमचे साहेब म्हणतात पाण्यासाठी काढल्या, विमानवाले टूरिस्टांना सांगतात ताऱ्यांसाठी, आणि शाळेतले गुरुजी म्हणतात देवाला दिसाव्यात म्हणून. बाबांचं खरं की खोटं मला काय कळणार! पण त्यांनी काढली ती का काढली, ते मला माहीत आहे.

रेघ पुसलीत तर आई हरवेल. पुन्हा सांगते, अबिलिओ, हरवेल, आणि या वेळी डिसेंबरचा उन्हाळा तोंडावर आहे.

सोराइदा


२७ नोव्हेंबर

अबिलिओ,

या वेळी पान भरून लिहिलंस. वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं. तुझं म्हणणं असं, की बाबांची रेघ वर्षाची आणि ती जुनी रेघ दोन हजार वर्षांची. दोन्ही रेघा मिळतात तिथले जुने दगड बाबांनी हलवलेत, आईच्या पायांनी कडा ढासळायला लागली आहे. आज बाबांना सोडलं तर उद्या दुसरा ट्रक घालेल आणि तिसरा झोपडी बांधेल. बाबांनी मान डोलावली. म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. मी रखवालदार असतो तर हेच केलं असतं.” माझा असा संताप झाला! मी म्हटलं, बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात? ते म्हणाले, “बाजू कसली त्यात? रेघ चुकीच्या जागी आहे आणि तुझी आई वेडी झालीय. दोन्ही खरं आहे.” आणि शेळ्यांना चारा घालायला निघून गेले.

दुसरं तू लिहिलंस, संध्याकाळी दाराला कडी घाला. तुला काय वाटलं, आम्हाला सुचलं नसेल? पाराकासचा वाळू उडवणारा वारा तीन दिवस वाहत होता तेव्हा घातली होती. तिनं दार बडवलं. हातानं, मग डोक्यानं. ओरडत होती, “पोरगं बाहेर आहे, पोरगं बाहेर आहे.” शेजारची माणसं धावत आली, त्यांना वाटलं खरंच कुणाचं तरी मूल बाहेर राहिलंय. तिच्या बोटांची सालं निघाली. कडी मीच काढली. पुन्हा घालणार नाही. तुला घालायची असेल तर तू ये आणि घाल.

तिसरं. तू म्हणतोस, “मी येऊ शकत नाही. आईनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मी बोलावल्याशिवाय माझा उंबरा ओलांडू नकोस.” हो, सांगितलं होतं. मी तिथंच होते. विसितामावशीची बोरूची झोपडी तुमच्या राखीव पठाराच्या कडेला होती. तू नवाकोरा गणवेश घालून पोलीस घेऊन आलास आणि तिची भांडी बाहेर फेकली गेली. तू स्वतः फेकली नाहीस, हे मला माहीत आहे. तू फक्त झोपड्या दाखवत गेलास. मावशी पुढं वर्षभरही जगली नाही. आईनं त्या दिवशी तुला जे ऐकवलं ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. आणि तू “ठीक आहे” म्हणून जो गेलास तो गेलास. दोघं एकाच मातीचे, कोण वाकणार?

पण एक ऐक. तिला ते भांडण आठवत नाही. तुला घालवून दिल्याचं आठवत नाही. तू बोलावणं येण्याची वाट बघत बसला आहेस आणि इकडे ती रोज संध्याकाळी टेकाडावर उभी राहून घसा फुटेस्तोवर तुला बोलावते आहे. वारा तुमच्या चौकीकडून आमच्याकडे येतो म्हणून, नाहीतर तुला ऐकू आलं असतं. याहून मोठं बोलावणं ती कुठून आणणार?

आणखी एक लिहायचं आहे, ते लिहिताना मला जड जातंय. ‘अज्ञात इसम’ का लिहिलंस ते मला आत्ता कळलं. तू बाबांना वाचवत होतास. आणि म्हातारा कोट घालून स्वतःच जाळ्यात गेला. चावेलो म्हणतो, बाबा ऑफिसात गेल्याचं कळल्यावर तू हसायला लागलास आणि मग हसणं थांबेचना. पहिल्या पत्रात नाही नाही ते बोलले, ते परत घेते. मावशीचं परत घेत नाही.

माणसं पाठवायचीच असतील तर सकाळी पाठव. संध्याकाळी नको.

सोराइदा


१० डिसेंबर

अबिलिओ,

काल जे झालं त्यात तू होतास. तरी लिहिते, कारण तुझी मान खाली होती, आणि दार लागल्यावर आत काय झालं ते तुला कळणार नाही.

तुम्ही सकाळीच आलात, एवढं ऐकलंस. पठारावर ठसे उमटू नयेत म्हणून पायांना रुंद फळ्या बांधून चौघं जण गुडघ्यांवर बसलात. एकेक दगड उचलायचा, काळी बाजू वर करून मूळ जागी ठेवायचा, ब्रशनं माती सारखी करायची. मी गच्चीवर धुणं वाळत घालत होते आणि मुद्दाम एकेक कपडा दोन दोन वेळा पिळत होते. मला वाटलं होतं तुला तिथं बघून मला राग येईल. पण तू दगड असे ठेवत होतास की कुणाला दुखू नये. बाबा कुंपणाला टेकून तुमच्याकडे बघत होते. काम चांगलं चाललंय, एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत संपेल असं तुम्हाला वाटलं होतं. निम्मंच झालं. आणि ती निघाली.

मी जिना उतरून येईपर्यंत ती कुंपणाच्या पुढं गेली होती. मी हाक मारणार तोच बाबांनी माझा दंड धरला. म्हणाले, “थांब.” आम्ही दोघं मागून, जरा अंतर ठेवून गेलो. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

ती तुमच्यासमोर येऊन थांबली. तुमची माणसं हातातलं टाकून उभी राहिली. तू उठलास. तिनं तुलाच विचारलं, कारण तू पुढं होतास. “अहो, इकडून एक पोरगा गेलेला बघितलात का? आठ वर्षांचा आहे. शेळ्या आहेत बरोबर. एक कान जरा पुढं आलेला.”

तू हातातला ब्रश झटकत राहिलास.

“मुके आहात का?” आई म्हणाली. “सरकारचा पगार घेता आणि तोंडातून शब्द फुटत नाही?”

तुझा तो जाडा सोबती काहीतरी सांगायला गेला, तेव्हा तू घाईघाईनं म्हणालास, “बघितला. तो घरी गेला. मी सोडतो तुम्हाला घरी, चला.” तुझा आवाज मी सहा वर्षांनी ऐकला. बाबांसारखा झालाय.

तिनं तुझ्या पायांकडे बघितलं आणि खुदकन हसली. “हे काय बांधलंय? बदकासारखं चालावं लागत असेल की.” मग तू तिच्या मागून चालत आलास, खरंच बदकासारखा, फळ्या आपटत. ती मागं वळून बघायची आणि हसायची. आईला हसताना मी कधी बघितलं होतं ते मला आठवेना. मी रडत होते आणि बाबा मला म्हणत होते, गप, तिला ऐकू जाईल.

दारात ती वळली. तू एक पाऊल पुढं टाकलंस. आणि तिनं हात आडवा केला. “तुम्ही इथंच थांबा. खात्याच्या माणसांना मी घरात घेत नाही. माझ्या बहिणीचं घर मोडलंय त्यांनी.”

अबिलिओ, तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघवलं नाही. एवढं सगळं विसरली, तुला विसरली, मावशी गेल्याचं विसरली, आणि तो राग तेवढा कुठं जपून ठेवलाय कोण जाणे.

मग ती आत गेली आणि पत्र्याच्या पेल्यात पाणी घेऊन बाहेर आली. “पाण्याला मात्र मी कुणाला नाही म्हणत नाही,” म्हणाली. तू उंबऱ्याबाहेर उभा राहून पाणी प्यायलास, पेला दिलास आणि गेलास. तिनं दार लावलं.

आत आल्यावर तिनं विचारलं, “अबिलिओ कुठाय? तो खात्याचा माणूस म्हणाला घरी आलाय.” मी नेहमीसारखं सांगितलं, जेवून झोपला. ती खाटेपाशी गेली, पांघरूण जरा वर ओढलं. खाटेवर कुणी नव्हतं. मग बसून रताळं खाल्लं आणि मला म्हणाली, “तो माणूस वाईट नव्हता ग. उगीच तोडून बोलले. त्याचे डोळे आले होते वाटतं, पाणी येत होतं. उद्या आला तर धुवायला मिठाचं पाणी दे.”

आज तुम्ही उरलेलं पुसलंत. चांगलं पुसलंत, कुठून रेघ होती ते मलाही सांगता येणार नाही. खटल्याचं चावेलो म्हणाला, तू जामीन राहिलास आणि बाबांना ताकीद देऊन सोडणार. बाबांना जरा वाईट वाटलं. ते कोटाला ब्रश मारून बसले होते.

संध्याकाळी काय करायचं ते मला माहीत नाही. आज मी तिचा हात धरून कुंपणापाशी उभी राहिले. ती रेघ शोधत होती. पायानं माती चाचपत होती, इकडे दोन पावलं, तिकडे दोन पावलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “इथं वाट होती ना?” मी म्हटलं, नाही आई, इथं कधीच वाट नव्हती. तेव्हा तिनं जो चेहरा केला तो मी तुला सांगणार नाही.

सोराइदा


२१ जानेवारी २००४

अबिलिओ,

रोज संध्याकाळी तू दाराबाहेर येऊन उभा राहतोस आणि मी तुला पत्र लिहिते, याला चावेलो हसतो. हसू दे. तिच्यासमोर तुझं नाव घ्यायची सोय नाही. नाव कानावर पडलं की ती शोधायला उठते. आणि तुला एकट्याला गाठावं तर तोंड उघडायच्या आधी मलाच रडू फुटतं. कागदावर निदान वाक्य पुरं होतं.

पहिल्या दिवशी गणवेश न घालता आलास तेव्हा मला वाटलं ती ओळखेल. तिनं तुला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “खात्याचे ना तुम्ही? बदक!” तेव्हापासून तू बदक. तू गंभीरपणे “हो” म्हणालास आणि पुढं चालायला लागलास. ती तुझ्या शर्टाचं मागचं टोक धरून निघाली, पठारावर नाही, नदीच्या कडेच्या शेळवाटेनं. जाऊन येता. काय बोलता ते मला ऐकू येत नाही, पण ती घरी येऊन सांगते. तुला तू कसा होतास तेच ती रोज सांगत असते, नाही का? की पोरगा हट्टी आहे, की शेळ्यांना नावं ठेवतो आणि मग त्या कापू देत नाही, की रागावला की वारांगोच्या झाडावर चढून बसतो आणि हाका मारल्या तरी उतरत नाही. हे ऐकून तू काय म्हणतोस? ती म्हणाली, “बदक नुसता मान हलवतो. पण ऐकतो चांगलं.”

तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. ती खंगत चालली आहे. परवा मला “बाई, तुम्ही कुठल्या?” म्हणाली आणि काल बाबांना परका पुरुष समजून खोलीतून हाकललं. म्हातारा शेळ्यांपाशी जाऊन झोपला आणि सकाळी काही झालंच नाही असं वागला. नदीला डोंगरातलं पाणी आलं की शेळवाट बुडेल. मग तिला कुठून नेणार आहेस, ते मला माहीत नाही. तुलाही नसेल.

अजून तू उंबऱ्याच्या आत आलेला नाहीस. बाबा म्हणतात, “ओढून आण त्याला, ती विसरलीय, तिला काय कळतंय?” मी तुला ओळखते. तिला कळत नाही म्हणूनच तू येणार नाहीस. न विचारता आत शिरायचं नाही, असं तू ठरवलेलं दिसतंय. सहा वर्षं तुझा तो ताठा मला खुपत होता. हल्ली पाण्याचा पेला मी भरून ठेवते आणि तिच्या हातात देते, तुला द्यायला.

लिहायचं कारण वेगळंच आहे. काल तू गेल्यावर ती दारातच उभी राहिली, तुझ्या पाठीकडे बघत, तू दिसेनासा होईपर्यंत. मग आत येऊन मला म्हणाली, “एवढा चांगला माणूस. रोज येतो, सांभाळून नेतो आणतो. बाहेरच्या बाहेर जातो, कधी तोंड वाकडं करत नाही. कुणाचा ग हा?”

मी म्हटलं, मला नाही माहीत आई.

ती म्हणाली, “अशी कशी तू? माणूस कुणाचा ते विचारायचं असतं. त्याची आई वाट बघत असेल. थांब, उद्या मीच विचारते त्याला.”

ती विचारेल, अबिलिओ. जे विसरायला हवं ते ती विसरत नाही. शेळवाटेनं परत येताना किंवा दारात पेला देताना ती तुझा शर्ट ओढेल, तुझ्या तोंडाकडे बघेल आणि विचारेल, “कुणाचा रे तू?” खरं सांगितलंस तर कदाचित ती हसेल, म्हणेल चल, खोटारडा, माझा पोरगा आठ वर्षांचा आहे. कदाचित घाबरेल आणि पुन्हा तुझ्याबरोबर यायचीच नाही. कदाचित, एखाद्या क्षणापुरतं, तिला सगळंच आठवेल, आणि त्या सगळ्यात मावशीची झोपडीसुद्धा असेल. आणि दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलंस तर ती म्हणेल, बरं, मग जा घरी, तुझी आई वाट बघत असेल.

मी रात्रभर विचार केला. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “उत्तर त्यानंच द्यायचं.”

चावेलो दुपारी चौकीवर पोचतो. तुझ्या हातात तीनचार तास आहेत. काय सांगायचं ते ठरवून ये. पण ये.

सोराइदा